संपादक कोण? ‘दर्पण’ ते मीरा रोडचा व्हिडिओ

१/ जून २०२५ च्या अखेरीस मीरा रोडमधील एका दुकानात मराठी बोलण्यावरून वाद झाला, दुकानदाराला मारहाण झाली आणि त्या मारहाणीचा व्हिडिओ देशभर पसरला. ३ जुलैला व्यापाऱ्यांनी बंद पाळला, ८ जुलैला मराठीच्या बाजूने मोर्चा निघाला. त्या दिवसांत मीरा-भाईंदरचे नाव पडद्यापडद्यावर होते. इतकी दृश्ये पाहूनही या शहराविषयी बाहेरच्या माणसाला काय कळले? हा थ्रेड त्या प्रश्नाचा आणि त्याच्या पाठीमागे उभ्या असलेल्या १९३ वर्षांच्या इतिहासाचा आहे.

२/ मराठी पत्रकारितेच्या आजच्या अवस्थेविषयी दोन सोयीच्या गोष्टी सांगितल्या जातात. पहिली : पूर्वीचे संपादक ध्येयवादी आणि निर्दोष होते, आजचे सगळे विकले गेले आहेत. दुसरी : आता हातोहाती मोबाइल आला, प्रत्येक नागरिक पत्रकार झाला, तेव्हा संपादक नावाच्या मध्यस्थाची गरजच उरली नाही. एक स्मरणरंजन आहे, दुसरी जाहिरात. इतिहास दोन्हींच्या विरुद्ध साक्ष देतो.

३/ सुरुवात ६ जानेवारी १८३२ पासून करावी. त्या दिवशी मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले. शेजारीशेजारी दोन स्तंभ, एकात इंग्रजी, दुसऱ्यात मराठी. आधी पाक्षिक, काही महिन्यांतच साप्ताहिक. जुलै १८४० मध्ये ते बंद पडले. साडेआठ वर्षांचे आयुष्य, मूठभर वाचक. आजच्या मोजमापात हे अपयशच ठरेल. तरीही ६ जानेवारी हा महाराष्ट्रात पत्रकार दिन म्हणून पाळला जातो, कारण लोकांसमोर मराठीतून नियमाने बोलणारा आणि बोललेल्याचा धनी कोण हे ठाऊक असलेला आवाज त्या दिवशी प्रथम उमटला.

४/ येथे एक आक्षेप लगेच येईल. त्या काळी टोपणनावाने लिहिणारे नव्हते काय? होते, आणि उत्तम होते. १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये ‘लोकहितवादी’ या नावाने आलेली शतपत्रे गोपाळ हरी देशमुखांची. सरकारी नोकरीतल्या माणसाने स्वसमाजावर कोरडे ओढायचे, तर आडोसा हवाच होता. पण पत्र कुठल्या तरी पत्रातच छापले जाई आणि त्या पत्राला संपादक असे. लेखकाचे नाव झाकलेले, संपादकाचे उघडे. खटला भरायचा, खुलासा मागायचा, शिवी द्यायची, तर दार कोणाचे ठोठवायचे हे गावाला माहीत असे.

५/ १८६७ च्या छापखाने व पुस्तक नोंदणी कायद्याने हीच गोष्ट सक्तीची केली. छापील कागदावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण असलेच पाहिजे. कायदा परकीय सरकारचा होता आणि त्यामागे पाळतीचा हेतू होता, हे नाकारण्याचे कारण नाही. पण पाळतीसाठी केलेल्या त्या तरतुदीतून वाचकाच्या हातीही एक दोरी आली. आजही दैनिकाच्या कोपऱ्यात बारीक टाइपात एक ओळ असते : मुद्रक अमुक, प्रकाशक तमुक, छपाईचे स्थळ, आणि संपादकाचे नाव; २०२४ मध्ये तो कायदा रद्द होईपर्यंत त्यापुढे कंसात ‘पीआरबी कायद्यानुसार जबाबदार’ असेही छापलेले असे. वृत्तपत्रात सर्वांत कमी वाचली जाणारी ही ओळ. सर्वांत मोलाची तीच.

६/ आता निर्दोष संपादकांच्या दंतकथेकडे. १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ आणि ‘मराठा’ सुरू झाले. वर्ष-दीड वर्षातच दोन्ही पत्रांचे संपादक तुरुंगात होते. कारण कोल्हापूर प्रकरण. तेथील तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांचा छळ होत असल्याच्या वार्ता पुण्यात येत होत्या. संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून काही पत्रे पुढे आली. त्यांवर विसंबून टिळक-आगरकरांच्या पत्रांनी बर्व्यांवर तोफ डागली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि न्यायालयात ती पत्रे बनावट ठरली.

७/ ‘फेक न्यूज’ हा शब्द जन्मायच्या कितीतरी आधीची ही घटना. मराठी पत्रकारितेची दोन सर्वांत उंच माणसे बनावट कागदाला फसली. पुढे काय झाले ते महत्त्वाचे. त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. तरीही जुलै १८८२ मध्ये चार महिन्यांची साधी कैद झाली. मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून २६ ऑक्टोबर १८८२ रोजी दोघे सुटले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तकही लिहिले. चूक लपली नाही, पुसली गेली नाही, दुसऱ्याच्या माथी मारली गेली नाही. तिची तारीख आहे, निकाल आहे, किंमत आहे.

८/ या प्रकरणाला आणखी एक वळण आहे आणि ते आजच्या भांडणाऱ्या दोन्ही गटांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. डिसेंबर १८८३ मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात नजरकैदेत असलेल्या चौथ्या शिवाजी महाराजांचा गोऱ्या रखवालदाराशी झालेल्या झटापटीनंतर मृत्यू झाला. म्हणजे महाराजांविषयीची काळजी निराधार नव्हती. प्रश्न खरा होता आणि पुरावा खोटा होता. खऱ्या प्रश्नाने खोटा पुरावा पावन होत नाही. उलट खोट्या पुराव्याने खऱ्या प्रश्नाचेच नुकसान होते, कारण पुढे त्या प्रश्नाविषयी कोणी बोलले की समोरचा त्या बनावट पत्रांकडे बोट दाखवतो.

९/ १९०८ चे उदाहरण याहून स्पष्ट आहे. मुझफ्फरपूरच्या बॉम्बनंतर ‘केसरी’त आलेल्या लेखांवरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. तेव्हा ‘केसरी’च्या अग्रलेखाखाली लेखकाचे नाव नसे. पण न्यायालयात उभे राहिले संपादक. हा मजकूर दुसऱ्या कोणाचा, आपण फक्त पुढे पाठवला, असा बचाव झाला नाही. २२ जुलै १९०८ रोजी सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मंडालेचा रस्ता धरावा लागला.

१०/ तेव्हा जुन्या पत्रकारितेचे मोठेपण कशात होते? निःपक्षपातीपणात नव्हते. ‘केसरी’, ‘सुधारक’, ‘दीनबंधु’ ही पक्ष घेऊनच लढणारी पत्रे होती आणि एकमेकांवर कमरेखालीही वार करत. अचूकपणातही नव्हते, हे कोल्हापूर प्रकरण सांगते. मोठेपण उत्तरदायित्वात होते. लिहिलेल्या प्रत्येक अक्षरामागे एक माणूस उभा होता, त्याचा पत्ता होता आणि भरपाई वसूल करता येईल असे त्याचे काही तरी पणाला लागलेले होते. आज हरवले आहे ते हेच. कागद जाऊन पडदा आला, ही तक्रारच नव्हे.

११/ हे हरवण्याचा दोष सगळा मोबाइलवर टाकणे अन्यायाचे होईल. सुरुवात छापील दैनिकांनीच केली. २००९ च्या विधानसभा निवडणुकीच्या काळात महाराष्ट्रातील परस्पर स्पर्धक दैनिकांत एकाच नेत्याचे गुणगान करणारा शब्दशः सारखा मजकूर बातमी म्हणून छापून आला. पी. साईनाथ यांनी ते उघड केले. त्यानंतर प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने ‘पेड न्यूज’वर सविस्तर अहवाल तयार केला. पैसे घेऊन छापलेली बातमी म्हणजे धनी नसलेला मजकूर. कोपऱ्यातली ओळ तशीच राहिली, तिच्यातला अर्थ निघून गेला. त्या वर्षी ज्यांनी बातमी आणि जाहिरात यांमधली भिंत पाडली, त्यांना आज ‘व्हॉट्सअ‍ॅप विद्यापीठा’ला हसण्याचा नैतिक अधिकार नाही.

१२/ आता पुन्हा मीरा-भाईंदर. १९८५ मध्ये नगरपालिका, २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका, २०११ च्या जनगणनेत आठ लाखांहून अधिक लोक. कोळी, आगरी, ईस्ट इंडियन यांची जुनी गावे आणि मिठागरे, त्यांभोवती मराठी, गुजराती, मारवाडी, उत्तर भारतीय, मुस्लिम वस्त्यांचे उंच मजले. इतक्या मोठ्या शहराच्या वाट्याला बड्या दैनिकांत ठाणे जिल्ह्याच्या पानाचा एक तुकडा येतो. तो तुकडा भरणाऱ्या वार्ताहराकडून अनेकदा जाहिरातीही आणायची अपेक्षा असते. ज्या बिल्डरची जाहिरात आणायची, त्याच्याच बांधकामाची चौकशी करायची! ऑगस्ट २०२२ मध्ये २०१७ साली निवडलेल्या नगरसेवकांची मुदत संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाकडे राहिला. सभागृह नाही, तेव्हा प्रश्न विचारणारा वार्ताहर दुप्पट गरजेचा होता. नेमका तेव्हाच तो सर्वांत दुबळा होता.

१३/ या पोकळीत काय शिरते ते २१ जानेवारी २०२४ च्या रात्री दिसले. अयोध्येतील प्राणप्रतिष्ठेच्या पूर्वसंध्येला मीरा रोडच्या नया नगर भागात वाहनांच्या मिरवणुकीवरून हाणामारी झाली. सकाळपर्यंत शहरभर व्हिडिओ फिरत होते. प्रत्येक गटाकडे आपापला. एकात घोषणा दिसतात, दगड दिसत नाहीत. दुसऱ्यात दगड दिसतात, घोषणा ऐकू येत नाहीत. दृश्य खोटे असण्याची गरजच नाही. कुठे सुरू करायचे आणि कुठे थांबवायचे, एवढे ठरवले की पुरते. हे ठरवणारा हा त्या व्हिडिओचा संपादकच असतो. फरक एवढाच की त्याला कोणी ओळखत नाही.

१४/ २३ जानेवारीला त्या भागातील बांधकामांवर बुलडोझर चालला. त्याचीही दृश्ये झाली. कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी हळहळले. महापालिका सांभाळणारा साधा वार्ताहर अशा वेळी चार प्रश्न विचारतो. ही बांधकामे कधीपासूनची? अनधिकृत असल्याची नोंद पालिकेत कधी झाली? नोटीस दिली होती काय? ज्यांची पडली, त्यांचा आदल्या रात्रीच्या गुन्ह्याशी संबंध काय? या प्रश्नांची उत्तरे कोणाच्याही बाजूची निघोत, ती विचारली गेल्याशिवाय बातमी पुरी होत नाही. टाळी आणि हळहळ यांना उत्तरांची गरज नसते. म्हणून त्या झटपट पसरतात.

१५/ जुलै २०२५ मध्ये हेच पुन्हा घडले, फक्त भांडणाचा विषय भाषेचा होता. एका मारहाणीच्या व्हिडिओने ‘महाराष्ट्रात अमराठी माणूस असुरक्षित’ असा निष्कर्ष काढला गेला. मोर्चाला परवानगी नाकारल्याच्या आणि कार्यकर्त्यांना पहाटे ताब्यात घेतल्याच्या दृश्यांवरून ‘महाराष्ट्रातच मराठी बंदिस्त’ असा दुसरा निष्कर्ष निघाला. मोर्चात आलेले मंत्री प्रताप सरनाईक यांना घोषणांनी परतवल्याचा तिसरा व्हिडिओ आला. मारहाण झाली ती गैरच, आणि मराठीचा प्रश्न खराच. पण पहिलीपासून हिंदीविषयी १६ एप्रिल आणि १७ जूनला निघालेले शासन निर्णय काय म्हणत होते, २९ जूनला ते मागे का घेतले गेले, हे त्या क्रमाने सांगणारा आवाज गोंगाटात बुडाला. कोल्हापूर प्रकरणाचाच धडा : खरा प्रश्न आणि त्याचा पुरावा म्हणून नाचवलेला तुकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१६/ त्याच वर्षी, त्याच शहरात, आणखी एक गोष्ट घडत होती. मेट्रो ९ च्या कारशेडची जागा राई-मुर्धे गावांच्या विरोधानंतर उत्तनजवळच्या डोंगरीला हलवली गेली. मार्च २०२५ मध्ये त्यासाठी सुमारे १२,४०० झाडांविषयी महापालिकेची नोटीस निघाली. डोंगरी-उत्तनचे कोळी आणि ईस्ट इंडियन रहिवासी हरकती घेत होते. या लोकांची घरची बोली मराठीच. मीरा-भाईंदरमधल्या मराठी माणसाचे काय चालले आहे, हे ज्याला खरोखर जाणून घ्यायचे होते, त्याने उत्तनची बस पकडायला हवी होती. बातम्या आल्या, नाही असे नाही. पण झाडाला थोबाडीत मारता येत नाही, हरकतीच्या अर्जाला घोषणा नसते. म्हणून त्या बातमीचा भडका उडाला नाही.

१७/ इतिहासाच्या अभ्यासकाला हा सगळा प्रकार ओळखीचा वाटायला हवा. याच डोंगरी-उत्तनच्या परिसराला धारावी बेट म्हणत. मार्च १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजांनी धारावीचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला आणि मे महिन्यात वसई पडली. या मोहिमेची माहिती दोन वाटांनी आजवर पोहोचली. एक वाट पत्रांची. गो. स. सरदेसायांनी संपादित केलेल्या ‘पेशवे दफ्तरा’तील वसई मोहिमेच्या खंडात ती आहेत. दुसरी वाट बखरीची, मागाहून रचलेली, रसाळ, पण हातचे घालणारी.

१८/ राजवाड्यांनी मराठी इतिहाससंशोधनाला लावलेली शिस्त हीच : बखरीपेक्षा समकालीन अस्सल पत्राला वजन द्यावे. का? कारण पत्राला लिहिणारा असतो, ज्याला लिहिले तो असतो, तिथी आणि ठिकाण असते. आणि चुकीची खबर पाठवणाऱ्याला धन्यापुढे उभे राहावे लागते. बखरीवर असा धाक नाही. आजचा फिरता व्हिडिओ ही पत्राचा वेश घेतलेली बखर आहे. दृश्य समकालीन असते, म्हणून ते अस्सल वाटते. पण कोणी घेतले, कधी, कुठे, त्याच्या आधी-नंतर काय झाले, हे सारे वाटेत गळून पडलेले असते. ते पुन्हा जोडले, तर तोच व्हिडिओ पहिल्या प्रतीचे साधन ठरतो. जोडण्याच्या त्या कामालाच पत्रकारिता म्हणतात.

१९/ आता सर्वांत गंभीर आक्षेप. नाव उघडे ठेवले तर जिवाला धोका, म्हणून निनावीपणा हवा. हा आक्षेप हसण्यावारी नेता येत नाही, आणि मीरा रोडमध्ये तर नाहीच. जुलै २०१५ मध्ये एका बारवरील छाप्याचे वार्तांकन करायला गेलेल्या पत्रकारांवर येथे हल्ला झाला आणि त्याच सुमारास ‘खुशबू उजाला’ या साप्ताहिकाचे संपादक राघवेंद्र दुबे यांची हत्या झाली. बड्या संस्थेचे छत्र नसलेला, गल्लीतल्या सत्तेला नावानिशी भिडणारा संपादक सर्वांत उघड्यावर असतो. जिल्ह्याच्या ठिकाणी बसून त्याच्या ‘दर्जा’ला नाक मुरडणाऱ्यांनी ही किंमत विसरू नये.

२०/ महाराष्ट्राने २०१७ मध्ये पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध कायदा संमत केला. हल्ल्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद त्यात आहे. पण त्यातली ‘पत्रकार’ ही व्याख्या माध्यमसंस्थेच्या नोकरीशी किंवा कंत्राटाशी बांधलेली आहे. एकट्याने ब्लॉग लिहिणारा, एकट्याने चॅनेल चालवणारा प्रामाणिक माणूस तिच्यात बसवणे कठीण. म्हणजे जो नाव लावून जोखीम घेतो, त्याला संरक्षण अपुरे. जो नाव न लावता आग लावतो, त्याला जोखीमच नाही. आजच्या माध्यमांचा सगळा तोल या एका उलट्या न्यायाने बिघडला आहे.

२१/ मग सरकारनेच खरे-खोटे ठरवावे काय? कदापि नाही. २०२३ मध्ये केंद्राने स्वतःविषयीच्या मजकुरावर खरे-खोट्याचा शिक्का मारणाऱ्या तथ्यतपासणी कक्षाची तरतूद केली. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्दबातल ठरवली, हे योग्यच झाले. ज्याच्याविषयी बातमी, त्यानेच ती तपासायची असेल तर कोल्हापूर प्रकरणाचा निकाल बर्व्यांनीच लिहायला हवा होता. उत्तरदायित्व सरकारच्या पायाशी नको, वाचकाच्या समोर हवे.

२२/ मागणी साधी आहे. बातमी देणाऱ्या प्रत्येक पोर्टलने, चॅनेलने, पानाने स्वतःची ती कोपऱ्यातली ओळ लावावी : चालवणारा कोण, बसतो कुठे, पैसा कोणाचा. लेखकाला टोपणनाव असू द्यावे, पण पाठीशी एक भाऊ महाजन असावा. चूक झाली तर मूळ मजकूर गुपचूप उडवू नये. दुरुस्ती तारखेसह त्याच जागी लावावी. आणि नाव लावणाऱ्या लहान पत्रकाराला, त्याच्या खिशात कोणत्या संस्थेचे ओळखपत्र आहे हे न पाहता, कायद्याने उभे करावे.

२३/ ही मागणी इतिहासाच्या पानांनाही लागू आहे. ‘दुर्मिळ फोटो’ म्हणून कोणत्या संग्रहातला ते न सांगता, वर स्वतःचा शिक्का मारून टाकलेले चित्र. साल नसलेले ‘अस्सल’ पत्र. कोणत्या खंडातले ते न सांगता फिरणारा महाराजांचा ‘उद्गार’ : हा सगळा त्याच रोगाचा भाग आहे. जो इतिहासप्रेमी अशा मजकुराला पुढे ढकलतो, त्याने नया नगरच्या व्हिडिओवर शहाणपण सांगू नये. पुढे ढकलणे हेही प्रकाशनच आहे. १८८२ मध्ये टिळक-आगरकरांनीही ती पत्रे स्वतः रचली नव्हती. त्यांनी ती खरी मानून पुढे केली होती. त्याचेच १०१ दिवस भरले.

२४/ पन्नास वर्षांनी कोणी तरी मीरा-भाईंदरचा इतिहास लिहायला बसेल. जानेवारी २०२४ आणि जुलै २०२५ शोधताना त्याच्या हाती हजारो तुकडे येतील, बहुतेकांना ना धनी ना तारीख. १७३९ च्या धारावीविषयी त्याला जितके खात्रीने लिहिता येईल, तितके स्वतःच्या आजोबांच्या मीरा रोडविषयी लिहिता येणार नाही. तसे व्हायचे नसेल तर पुढचा तुकडा पाठवण्याआधी एक प्रश्न पुरेसा आहे : याचा संपादक कोण? उत्तर मिळाले नाही, तर पाठवणाऱ्याने ओळखावे की त्या क्षणी तो स्वतःच आहे.